पाने वाळलेली, माती ओली : वर्ध्याच्या उन्हाळ्यात आयव्ही जगवताना

दोन वर्षांपूर्वी दिवाळी आटोपल्यावर नर्सरीतून आयव्हीची एक कुंडी घरी आणली. पंज्याच्या आकाराची, पांढऱ्या कडेची नाजूक पाने. संक्रांतीपर्यंत तिच्या वेली शेल्फवरून हातभर खाली लोंबल्या. घरी येणारा-जाणारा नाव विचारायचा. होळीनंतर ऊन तापले आणि पानांच्या कडा तपकिरी होऊ लागल्या. तहान लागली असेल असे समजून रोज सकाळी घालत होतो ते पाणी संध्याकाळीही घालू लागलो. पाने वाळत गेली, तसतसे माझे पाणी वाढत गेले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कुरकुरीत पानांची जुडी तेवढी उरली. टाकून द्यायला म्हणून रोप ओढले, तर ते अलगद हातात आले. पाने पापडासारखी वाळलेली आणि माती मात्र चिखल. मुळे काळी, मऊ आणि कुजकट वासाची.

वाळलेले रोप पाण्यावाचून मेले असेल, असे आपण धरून चालतो. माझे रोप पाण्यामुळे मेले होते, आणि ते पाणी मीच मायेने घातले होते.

थंडीची चाहूल लागली की नर्सरीत आयव्हीच्या टोपल्या पुन्हा टांगलेल्या दिसतात. यंदा घेणार असाल, तर घेण्याआधी हिचा स्वभाव समजून घ्या. शिवाय ही वेल घरात आली की हवा, औषध आणि डास असे आरोग्याचे काही प्रश्नही तिच्यासोबत येतात. त्यांचाही विचार करू.

थंड मुलखाची पाहुणी

आयव्हीला मराठीत प्रचलित नाव नाही, कारण ती आपल्याकडची नाहीच. कुंडीत मिळते ती युरोप आणि पश्चिम आशियातली 'हेडेरा हेलिक्स'. तिची भारतीय बहीण 'हेडेरा नेपालेन्सिस' हिमालयाच्या थंड, ओलसर जंगलात वाढते. नावावरून मात्र घोटाळा होतो. मनीप्लँटला इंग्रजीत 'डेव्हिल्स आयव्ही' म्हणतात आणि आपल्या तोंडलीला 'आयव्ही गोर्ड'. या दोघींचा खऱ्या आयव्हीशी कुळाचा काही संबंध नाही, आणि दोघीही आपल्या उन्हाळ्यात मजेत राहतात.

खरी आयव्ही साधारण १० ते २१ अंश सेल्सिअसमध्ये खुलते. पारा ३० च्या पुढे गेला की तिची वाढ मंदावते. वर्ध्यात मे महिन्यात ४५ अंश ओलांडणे नवे नाही. दुपारची हवा इतकी कोरडी होते की सापेक्ष आर्द्रता २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरते. कोरडी हवा पानातले पाणी ओढून घेते. हिशेब केला, तर ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या हवेची ही ओढ, २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या खोलीतल्या हवेच्या जवळपास सातपट भरते.

त्यातून रात्रीही तापलेल्या असतात. झाड दिवसा उजेडात साखर तयार करते आणि दिवस-रात्र श्वसनासाठी ती खर्च करते. रात्र जितकी गरम, तितका हा खर्च मोठा. आधीच घरातल्या कमी उजेडात आयव्हीची कमाई बेताची. उन्हाळ्यात ती आणखी घटते आणि खर्च वाढतो. मग झाड साठवणीवर दिवस काढते. नवी पाने येत नाहीत, नवी मुळे फुटत नाहीत, आणि अशा वेळी मुळांना पाणीही कमीच ओढता येते.

नेमके तेव्हाच आपण पाणी वाढवतो. मातीतल्या बारीक पोकळ्यांत हवा असते आणि मुळांना तिची गरज असते. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, बुरशी लागते आणि मूळकूज सुरू होते. कुजलेले मूळ पाणी ओढत नाही, म्हणून ओल्या मातीतच वरची पाने वाळतात. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो.

कॅलेंडर उलटे धरा

आयव्हीबद्दलचा बहुतेक छापील सल्ला थंड देशांतून आलेला आहे. वसंतात खत द्या, उन्हाळ्यात पाणी वाढवा, हिवाळ्यात विश्रांती द्या, असा त्याचा सूर असतो. तिथे ते बरोबरच आहे, कारण तिथल्या हिवाळ्यात बर्फ पडतो आणि उन्हाळा आपल्या डिसेंबरसारखा असतो. विदर्भात हे वेळापत्रक उलटे करावे लागते. आपला हिवाळा हाच आयव्हीचा वाढीचा हंगाम आणि आपला उन्हाळा ही तिची विश्रांती.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : रोप याच काळात घ्यावे, कुंडी बदलायची तर आत्ताच बदलावी. पूर्वेच्या खिडकीतले किंवा व्हरांड्यातले सकाळचे कोवळे ऊन तास-दोन तास मिळाले तर उत्तम. रात्री १० - १२ अंशांची थंडी तिला सुखाचीच वाटते, म्हणून दार-खिडकीशी ठेवायला हरकत नाही. तीन आठवड्यांतून एकदा पातळ केलेले द्रवखत किंवा मूठभर गांडूळखत पुरे. पांढऱ्या-पिवळ्या कडेच्या जातींना हिरव्या जातींपेक्षा जास्त उजेड लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यात त्यांची नवी पाने साधी हिरवी येऊ लागतात.

याच दिवसांत कटिंग लावून ठेवा. चार-पाच इंचांचा कोवळा शेंडा पेराच्या खाली कापायचा, खालची पाने काढायची आणि पेर ओलसर कोकोपीटमध्ये बुडेल असे खोचायचे. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. उन्हाळ्यात एक रोप गेले तरी दुसरे हाताशी राहते, म्हणून एकाच कुंडीवर विसंबू नका.

मार्च : होळीच्या सुमारास खत थांबवा. लांबलेल्या वेली एक तृतीयांश छाटा. पाने कमी झाली की पाण्याची मागणीही कमी होते. कुंडी पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडकीतून हलवा.

एप्रिल ते मृगापर्यंत : या काळात वाढीची अपेक्षाच ठेवू नका. रोप तगले तरी भरपूर झाले. जागा निवडायची सोपी खूण सांगतो. मेच्या दुपारी तुम्ही स्वतः चटई टाकून जिथे पडाल, तिथेच आयव्हीची कुंडी ठेवा. जुन्या मातीच्या, कवेलूंच्या घरात हा कोपरा आपोआप मिळायचा. सेवाग्रामच्या बापू कुटीत उन्हातून आत शिरले की जाड मातीच्या भिंतींचा गुण अंगाला जाणवतो. सिमेंटच्या स्लॅबखाली मात्र वरच्या मजल्यापेक्षा तळमजला, पश्चिमेपेक्षा उत्तरेची खोली आणि शेल्फच्या वरच्या फळीपेक्षा खालची जागा थंड असते.

जून मध्य ते सप्टेंबर : हवा दमट होते, माती लवकर सुकत नाही. पाणी कमी करा, पाने ओली ठेवू नका. पानांवर काळपट-तपकिरी डाग दिसले तर ती पाने तोडून कुंड्यांमध्ये अंतर ठेवा. हवा खेळली की निम्मे दुखणे हटते.

ऑक्टोबर : पाऊस गेला, थंडी आली नाही, असा हा उष्ण महिना. रोप तग धरून आहे म्हणून घाईने खत देऊ नका. दिवाळीपर्यंत थांबा.

कूलर : आधार आणि धोका

वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर हा आयव्हीसाठी आपल्याकडचा सर्वांत मोठा आधार. तो हवा थंड करतो आणि ओलावाही वाढवतो. एसी खोली गार करतो, पण हवा कोरडी करतो. म्हणून या वेलीला एसीपेक्षा कूलरची खोली मानवते. कुंडी मात्र थेट झोतात नको, कारण सततच्या वाऱ्याने पाने लवकर सुकतात. झोताच्या बाजूला, पाच-सहा फुटांवर ठेवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी असू द्या. हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर खोली नुसती चिकचिक होते.

कूलरवर कुंडी ठेवू नका, त्याच्या वर टांगूही नका. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का बसून जीव गेल्याच्या बातम्या येतात. झाडाला पाणी घालताना ओल्या हाताने कूलरला स्पर्श होणार नाही, इतकी कुंडी दूर हवी.

माती, कुंडी, पाणी

वर्धा जिल्ह्याची काळी कसदार माती कापसाला आणि तुरीला छान, पण कुंडीतल्या आयव्हीला ती नको. ती पाणी धरून ठेवते, ओली असताना फुगते आणि वाळली की भेगा पडून मुळे तोडते. त्यापेक्षा लाल माती, कोकोपीट, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि धुतलेली जाड रेती समप्रमाणात मिसळा. मूठभर मिश्रण ओले करून दाबले तर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा.

कुंडी मातीची असेल तर उत्तम. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडते, त्यामुळे माठातल्या पाण्यासारखी आतली मातीही थोडी थंड राहते. कुंडीच्या तळाला छिद्र हवेच. छिद्र नसलेल्या चिनी मातीच्या शोभिवंत भांड्यात थेट रोप लावू नका.

पाणी घालायचे वेळापत्रक नसावे. रोज एक पेला, दर सोमवारी दोन पेले असा हिशेब इथे चालत नाही. बोट एक इंच मातीत घाला. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोरडे लागले तर तळातून पाणी निथळेपर्यंत घाला आणि अर्ध्या तासाने ताटलीतले पाणी ओतून टाका. काही दिवसांनी कुंडी उचलूनच अंदाज येऊ लागतो. कोरडी कुंडी हाताला हलकी लागते.

आणखी एक सवय अनेक घरांत असते. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत साठवून झाडांना घालायचे. बचतीची ही भावना चांगली, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. बोअरवेलचे पाणी आधीच जड असेल, तर मातीवर पांढरा थर जमतो आणि पानांची टोके जळतात. ते पाणी फरशीला वापरा. आयव्हीला नळाचे आणि पावसाळ्यात पावसाचे पाणी द्या.

लाल कोळी : उन्हाळ्यातला खरा शत्रू

पाण्याखालोखाल आयव्हीचा बळी घेतो तो लाल कोळी. वांगी आणि कापूस पिकवणाऱ्यांना तो ओळखीचा आहे. डोळ्याला जेमतेम दिसणारा हा जीव पानामागे राहून रस शोषतो. पानावर आधी सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके पडतात, मग पान राखाडी होते आणि शेवटी पेरांमध्ये बारीक जाळी दिसते. उष्ण, कोरड्या हवेत त्याची एक पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. जाळी दिसेपर्यंत अनेक पिढ्या होऊन गेलेल्या असतात.

तपासणी सोपी आहे. पानाखाली पांढरा कागद धरून वेल हलकेच झटका. पडलेले ठिपके चालू लागले, तर कोळी आहे. फेब्रुवारीपासून दर आठवड्याला हे करा. उपायही साधा आहे. कुंडीच्या तोंडाला पिशवी बांधून रोप आडवे धरा आणि नळाच्या धारेखाली पानांची मागची बाजू नीट धुवा. वाढत्या उन्हात आठवड्यातून एकदा अशी आंघोळ झाली, तर कोळ्याला घर करता येत नाही. प्रादुर्भाव जास्त असेल, तर लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब मिसळून संध्याकाळी पानांच्या मागे फवारा. पाच-सहा दिवसांनी पुन्हा फवारा, कारण पहिल्या खेपेला अंडी वाचतात.

स्प्रे बाटलीने पानांवर पाण्याचा फवारा मारणे किंवा कुंडीखाली खड्यांची पाण्याची ताटली ठेवणे, या उपायांचा उपयोग थोडाच होतो. फवाऱ्याचा ओलावा मेच्या हवेत काही मिनिटांत उडून जातो.

शेतावरून उरलेली कीटकनाशकाची बाटली मात्र घरात आणू नका. लाल कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा कोळीवर्गीय जीव आहे. अनेक कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो वाढतो. शिवाय बंद खोलीत ते विष श्वासातून आणि हातांवरून आपल्याच पोटात जाते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उघड्या शेतात ज्याने माणसे दगावली, ते बैठकीच्या खोलीत वापरावे इतके कुठल्याही शोभेच्या वेलीचे मोल नाही.

हवा खरेच शुद्ध होते का?

आयव्ही 'हवा शुद्ध करणारे झाड' म्हणून विकली जाते. या दाव्याचे मूळ १९८९ च्या एका प्रयोगात आहे. नासाचे शास्त्रज्ञ बी. सी. वुल्व्हर्टन यांनी पूर्ण बंद पेट्यांमध्ये झाडे ठेवून बेंझीनसारखे वायू सोडले. २४ तासांत ते बरेच घटले आणि त्यात आयव्हीची कामगिरी चांगली होती. प्रयोग खरा होता, पण तो अंतराळयानासारख्या बंद जागेचा विचार करून केलेला होता.

आपले घर पेटी नाही. दारे-खिडक्या, फटी यांतून हवा सतत बदलत असते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ब्रायन कमिंग्ज आणि मायकेल वॉरिंग यांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतके काम झाडांकडून करून घ्यायचे, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दहा बाय दहा फुटांच्या खोलीला कमीत कमी नव्वदेक कुंड्या झाल्या! म्हणून दमा किंवा धुराचा त्रास असणाऱ्यांनी आयव्हीच्या भरवशावर राहू नये. डास पळवण्याची कॉइल बंद करणे, स्वयंपाक करताना खिडकी उघडणे आणि सकाळ-संध्याकाळ घरात वारा खेळवणे, याने जास्त फरक पडतो. हिरवी वेल पाहून मन प्रसन्न होते, एवढा तिचा गुण पुरेसा आहे.

मूल, कातडी आणि काढा

आयव्हीच्या पानांत आणि फळांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. पान चावले तर तोंडात आग होते, मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. चव कडू असल्याने मुले सहसा जास्त खात नाहीत, पण रांगत्या मुलाच्या हाताला लागेल अशी वेल लोंबू देऊ नका. कुत्र्या-मांजरांनाही ती बाधते. मुलाने पान खाल्लेच तर तोंड धुवा, मुद्दाम उलटी करायला लावू नका, आणि त्रास दिसताच पानाचा तुकडा सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

तिच्या चिकात फॅल्कॅरिनॉल हे द्रव्य असते. काही जणांच्या हातावर त्याने खाज, लाली, फोड येतात. हे दिवस-दोन दिवसांनी उमटत असल्याने छाटणीशी त्याचा संबंध लक्षातच येत नाही. छाटताना हातमोजे घाला किंवा प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा आणि नंतर साबणाने हात धुवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषधाच्या दुकानात आयव्हीच्या पानांच्या अर्काचे खोकल्याचे सिरप मिळते. ते पाहून 'आपल्या घरी आहेच, तर तुळशीबरोबर दोन पाने उकळू' असे वाटू शकते. तसे करू नका. सिरपमध्ये अर्काचे प्रमाण मोजून ठरवलेले असते, कुंडीतल्या पानात किती द्रव्य आहे ते आपल्याला कळत नाही. नर्सरीत त्यावर कोणती फवारणी झाली, तेही माहीत नसते. तयार सिरपसुद्धा दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी युरोपच्या औषध नियामक संस्थेची सूचना आहे. मोठ्या मुलांनाही ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

ताटलीतला डास

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटारापेक्षा घरातले स्वच्छ, साचलेले पाणी पसंत करतो. कुंडीखालची ताटली, कटिंग ठेवलेली काचेची बाटली आणि कूलरची टाकी या त्याच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला आरोग्य विभाग सांगतो. त्या दिवशी ताटली नुसती रिकामी करू नका, घासून पुसा. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच उबतात. बाटलीतली कटिंग सुंदर दिसतात, पण पावसाळ्यात ती मातीत लावलेलीच बरी.

हे लक्षात ठेवा

- हिवाळ्यात वाढ, उन्हाळ्यात विश्रांती. खत फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी.
- बोट घालून ओल पाहिल्याशिवाय पाणी नाही. पाने वाळली आणि माती ओली असेल, तर पाणी बंद.
- फेब्रुवारीपासून दर आठवड्याला पांढऱ्या कागदाची चाचणी आणि पानांची आंघोळ.
- कूलरच्या खोलीत, पण झोताबाहेर आणि कूलरपासून दूर.
- आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी.
- पानांचा काढा कधीही नाही.

एवढे करूनही आयव्ही गेली, तर मनाला लावून घेऊ नका. तिच्या जागी मनीप्लँट किंवा सिंगोनियम लावा. तेही मुलांच्या तोंडात जाऊ देण्यासारखे नाहीत, पण आपले ऊन मुकाट्याने सोसतात. मी मागच्या जानेवारीत तीन कटिंग लावली होती. मेमध्ये त्यांतले एक गेले. उरलेली दोन उत्तरेच्या खोलीत, खालच्या फळीवर आठ-दहा पानांनिशी पावसाळ्यापर्यंत तशीच बसून राहिली. परवा त्यातल्या एकीला नवा शेंडा फुटलेला दिसला.